चार चाकं, एक कंटाळा

विजेवर चालणारी गाडी घेऊन आम्हाला अडीच वर्षं झाली आणि तिने टायर खाल्ले. पेट्रोलची गाडी टायर झिजवते, ही खाते. बॅटरीमुळे अंगाने म्हैस, आणि सिग्नल सुटला की उडी हरणाची. चाळीस हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते, तोवर मागचे दोन्ही टायर चेहऱ्यासारखे गुळगुळीत झाले. माझ्या नव्हे, मुलीच्या.

नवे टायर निवडायला मला तीन आठवडे लागले. एक्सेलमध्ये तक्ता केला, त्याला अकरा रकाने. ऑफिसात विचारावं तर प्रत्येकाला मत. एकाने सांगितलं, आतून फोम चिकटवलेले घे, इंजिनच नसल्यामुळे या गाडीत टायरचा आवाज फार जाणवतो. दुसरा म्हणाला, फोमवाला पंक्चर झाला की काढणारा शहाणा होतो. तिसरा म्हणाला, हलके फिरणारे घे, एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर जास्त जाशील. चौथा म्हणाला, हलके फिरतात ते ब्रेक लावल्यावरही हलकेच फिरतात. शिवाय वजन पेलणारे हवेत, आणि दुबईच्या ऑगस्टमधल्या डांबरावर वितळणारे नकोत. सगळे गुण एकत्र असलेला टायर जगात नाही, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पुढचे एकोणीस दिवस मी नुसता घाबरत होतो.

बायको म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा चहा पिऊन दहा मिनिटांत होकार दिलास. टायरची पत्रिका जुळत नाहीये का?"

मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट रबर."

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्मला ते त्यावरून कळतं. इथे उन्हात न वापरलेला टायरही म्हातारा होतो, म्हणून सगळेच ती तारीख बघतात. पण मी जरा जास्तच बघतो. लोकांच्या गाड्यांच्याही बघतो. एकदा मॉलच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीशेजारी उकिडवा बसून तारीख वाचत होतो, तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. काही हरवलं का, म्हणाला. मी घाईत म्हटलं, चावी. तो बिचारा माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून दहा मिनिटं चावी शोधत राहिला. चावी माझ्या खिशात होती. शेवटी मी "मिली!" असं ओरडून ती गाडीखालून काढल्याचं नाटक केलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

हे तारखांचं वेड कुठून आलं, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही, आणि न बोलण्याला लोक सभ्यपणा समजतात, त्यामुळे माझं आजवर चांगलं निभावलं.

पंधराएक वर्षांपूर्वी मंदी आली तेव्हा आम्ही दुबईच्या करामा भागात राहत होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये चिपळूणचं एक मुस्लिम कुटुंब होतं: तो, त्याची बायको आणि लहान मुलगी. त्याला इथे शेजारीच म्हणतो. तो मला 'पुणेकर' म्हणायचा. आमच्या दोघांच्या गाड्याही एकाच मॉडेलच्या, एकाच चंदेरी रंगाच्या, दोन्ही सेकंडहँड. त्याची कंपनी बंद पडली होती आणि तो नोकरी शोधत होता. माझ्या कंपनीत दर गुरुवारी कमी करायच्या लोकांची यादी लागायची आणि दर गुरुवारी माझं नाव पुढच्या गुरुवारावर जायचं.

अशात जूनमध्ये माझ्या गाडीचं पासिंग आलं. वर्षातून एकदा गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि माझ्या टायरना भेगा पडल्या होत्या. नोकरी राहणार की नाही ते माहीत नसताना नवे टायर कोण घेणार? शेजाऱ्याने मात्र कंपनी बंद पडायच्या जरा आधी शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका दुकानातून चार नवेकोरे टायर बसवून घेतले होते. तो म्हणाला, "पुणेकर, पासिंगपुरती माझी चाकं लाव. तुझी माझ्या गाडीला लावू. पासिंग झालं की परत."

करामात त्या काळी हे सर्रास चालायचं. आमच्या इमारतीतच एक संच चार गाड्यांना पास करून आला होता. रविवारी आम्ही दोघांनी दोन जॅक लावून पार्किंगमध्ये आठही चाकांची अदलाबदल केली. बनियन पिळून काढावी असा घाम. सोमवारी माझी गाडी पास झाली. मंगळवारी तो बसने मेहुण्याकडे शारजाला गेला. जाताना आपल्या गाडीची चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "संध्याकाळपर्यंत लावून ठेव हां."

संध्याकाळी मी खाली गेलो. पहिला जॅक लावला, तो सरकला. हवेत इतकी वाफ होती की चष्म्यातून नट दिसेना. आणि मला कंटाळा आला. त्याचे टायर मला हडपायचे नव्हते, त्याच्यावर माझा राग नव्हता. नुसता कंटाळा आला. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा सावकाश करू, असं ठरवलं.

इथवर क्षम्य आहे. पुढचं नाही. माझ्या चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या, म्हणजे व्हील कॅप, कडेला मोडक्या होत्या. त्याच्या चकचकीत. तो आला की त्याला लगेच कळलं असतं. म्हणून मी फक्त टोप्या बदलल्या. आठही टोप्या उपटून ज्या गाडीच्या तिला दाबून बसवल्या. सहा मिनिटांचं काम. दोन्ही गाड्या आपापल्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

शेजारी परत आला. "लावलीस?"

"लावली की," मी म्हटलं.

बुधवारी दुपारी त्याला अबू धाबीहून फोन आला, गुरुवारी सकाळी साडेदहाला मुलाखत. गुरुवारी पहाटे उठून त्याने टाय बांधला, बायकोने दिलेलं वाटीभर दही खाल्लं आणि तो निघाला. मी खिडकीतून पाहत होतो. खाली पळत जाऊन थांबवायला पुरेसा वेळ होता. माझ्या हातात टूथब्रश होता. दात घासून होईपर्यंत तो गेला.

अर्ध्या वाटेवर मागचा टायर फुटला. गाडी दोनदा गरागरा फिरली आणि रस्त्याच्या कडेच्या वाळूत, जिकडून आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली. त्याला खरचटलंही नाही. पोलिसाने येऊन आधी संत्र्याचा ज्यूस पाजला, मग दंडाचा विचार केला आणि सोडून दिला. स्टेपनी लावून, काळे हात आणि टाय अशा अवतारात तो अडीच वाजता मुलाखतीला पोचला. रिसेप्शनवरच्या बाईने त्याला टिश्यूचा अख्खा डबा दिला आणि सांगितलं की जागा भरली. सहा आठवड्यांत त्याच्या व्हिसाची मुदत संपली आणि ते तिघं चिपळूणला परत गेले. ती अबू धाबीची कंपनीही वर्षभरात बुडाली असं मी नंतर ऐकलं. ही गोष्ट मी स्वतःला खूपदा सांगून पाहिली आहे. तिने काही होत नाही.

पण त्या सहा आठवड्यांतलं एक राहिलं. फुटलेल्या टायरची तारीख त्याने वाचली. सात वर्षांपूर्वीची. मग बाकीच्या तिघांची वाचली. त्याने मला पुन्हा विचारलं, "पुणेकर, नक्की लावली होतीस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय, तुझा विश्वास नाही?" तो ओशाळला. माझी माफी मागितली त्याने. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: शारजाच्या दुकानदाराने नवे म्हणून जुने टायर गळ्यात मारले. शनिवारी तो जाब विचारायला निघाला आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन गेला.

त्याच गाडीतून. तीन भेगाळलेले टायर आणि एक स्टेपनी. त्या तीन टायरची खरी लायकी त्या गाडीत मला एकट्याला माहीत होती, आणि मी पुढच्या सीटऐवजी मागे बसलो. तो म्हणाला, "घाबरतोस काय, चाळीसनेच चालवतोय." दुकानात तो पठाण दुकानदाराला चोर म्हणाला. पठाण अल्लाची शपथ घेऊन सांगत होता की असा माल त्याने विकलाच नाही. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग मीही ओरडलो. "शरम आनी चाहिए आपको," असं मी म्हटलं. हे वाक्य मी एका निरपराध माणसाला माझ्या आवाजात म्हटलेलं आहे.

त्याचे नवे टायर माझ्या गाडीला पुढे तीन वर्षं चालले. त्याला दिसू नयेत म्हणून ते सहा आठवडे मी गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावायचो, वर कव्हर घालून. तो म्हणायचा, "गाडीची फार काळजी घेतोस तू."

चिपळूणला जाऊन त्याने काय धंदा सुरू करावा? टायरचं दुकान. आपण फसलो तसं कुणी फसू नये, म्हणून. दुकानात पाटी लावली: 'तारीख वाचल्याशिवाय टायर घेऊ नका.' धंदा चांगला चालला. अबू धाबीची गोष्ट तो लग्नाकार्यात हसत हसत सांगायचा. फक्त त्याची बायको हसायची नाही. ती म्हणायची, ज्याला चार टायर बघून घेता आले नाहीत तो जगाला टायर शिकवतोय.

आता त्याची मुलगी इथेच दुबईत, सिलिकॉन ओएसिस भागात राहते आणि नोकरी करते. यंदा तो महिनाभर तिच्याकडे आला. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा बायकोने त्याला माझा तक्ता दाखवला. "भाई, तुम्हीच काय ते करा यांचं."

"अकरा रकाने!" तो म्हणाला. "अरे पुणेकर, मी कशाला मेलोय? मी येतो ना बरोबर."

आमच्या गाडीचं माप विचित्र आहे. फोमवाला, जास्त वजन पेलणारा आणि याच वर्षीचा असा टायर त्याने फोनवर अर्धा दिवस शोधला. चारही एकाच ठिकाणी मिळत होते. शारजाच्या औद्योगिक भागात. पत्ता वाचून तो खूश झाला.

"त्याच चोराचं दुकान! अजून आहे! चल, चल, यल्ला. आता बघतो मला कसा फसवतो."

मी म्हटलं, आपण दुसरीकडे बघू. म्हटलं, फोम नको. म्हटलं, शारजाला ट्रॅफिक असतो. म्हटलं, खरं तर जुने टायरही अजून सहा महिने जातील. तो म्हणाला, "गुळगुळीत आहेत ते. मरायचंय का तुला?"

दुकान आता मोठं झालंय, काचेचं. पण आतल्या खुर्चीत तोच पठाण होता, दाढी पांढरी, हातात सुलेमानी चहाचा ग्लास. शेजारी समोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पहचाना?"

पठाणाने नम्रपणे मान हलवली. नाही.

"मंदी के टाइम पे. सात साल पुराने टायर दिए थे मुझे. नए बोल के. हायवे पे फटा. नौकरी गई मेरी."

"मैंने?"

"आपने. अब मैं खुद टायर का काम करता हूँ. पंधरा साल से. आपकी मेहरबानी." आणि माझ्याकडे वळून, "सांग ना याला. तू होतास ना साक्षीला."

दोघंही माझ्याकडे बघत होते. पठाणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आपण काय केलं असेल याची खरोखरची काळजी होती. म्हातारा माणूस आठवून बघत होता, आपण चोर होतो की काय. तेवढं मला बघवलं नाही.

मी मराठीत म्हटलं, "चाकं मी परत लावली नव्हती."

"कुठली चाकं?"

"मंगळवारी. मी फक्त टोप्या बदलल्या."

मागे कुणीतरी हवा भरत होतं.

"चारही?" त्याने विचारलं.

"आठही."

"म्हणजे माझे टायर..."

"माझ्या गाडीला होते. म्हणून कव्हर घालायचो."

तो स्टुलावर बसला. पठाणाला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं झालंय हे कळलं असावं, कारण त्याने आपला चहा शेजाऱ्याच्या हातात दिला. शेजाऱ्याने तो प्यायलाही.

"का पण?" तो म्हणाला. "मी काही केलं होतं का तुला?"

"नाही."

"तुला टायर पाहिजे होते? मागायचे ना."

"नाही रे. जॅक सरकला. गरम होत होतं. कंटाळा आला."

"कंटाळा."

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

तो उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला. "अरे, काहीतरी दुश्मनी तरी काढ! पंधरा वर्षं बायकोची बोलणी खातोय मी. पाटी लावलीय मी दुकानात. कंटाळा! माणूस कुणाला सांगणार हे?"

मी पठाणासमोर हात जोडले आणि हिंदीत सगळं सांगितलं. त्या दिवशी तुम्हाला मी शरम आनी चाहिए म्हणालो होतो, ती मला यायला हवी होती, असं काहीतरी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाई, मुझे तो याद ही नहीं," तो म्हणाला. "यहाँ रोज़ कोई ना कोई चिल्लाता है." मग जरा थांबून, "टायर लेने हैं ना?"

मला वाटलं शेजारी निघून जाईल. तो गेला नाही. खिशातून चष्मा काढला, चारही टायर जमिनीवर आडवे करायला लावले आणि एकेकाची तारीख वाचली. एक परत पाठवला, त्याचा आठवडा बाकीच्यांपेक्षा जुना होता म्हणून. फोम बोटाने दाबून पाहिला. माझ्याशी एक शब्द नाही. मी "हे बरे आहेत का?" म्हटलं, तर तो मेकॅनिकला म्हणाला, "इनसे कुछ मत पूछना."

मेकॅनिकने जॅक गाडीच्या पोटाखाली मधोमध सरकवला, तसा तो ओरडला, "अरे रुको! बीच में बैटरी है! फूट जाएगी!" आदल्या दिवशी आपल्या मुलीच्या लॅपटॉपवर त्याने माझ्या गाडीचं पुस्तक वाचलं होतं. कडेच्या चार जागा त्याला पाठ होत्या. त्याने रबरी ठोकळे मागवले आणि जमिनीवर आडवा होऊन ते स्वतः जागेवर ठेवले. झब्ब्याला ग्रीस लागलं. माझ्या गाडीसाठी. मी हात पुढे केला तर म्हणाला, "तू नको. तुला कंटाळा येईल."

टायर चढत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला. त्याच्या हातात दुकानातलं कोरं बिल होतं.

"लिहून दे."

"काय?"

"काय झालं ते. मी घरी सांगितलं तर तिला पटणार नाही. म्हणेल, आता मित्रावर ढकलतोय."

मी बिलाच्या मागे लिहायला घेतलं. बऱ्याच वर्षांनी मराठी हाताने लिहीत होतो. 'त्या काळातील धावपळीमुळे चाके परत लावण्याचे राहून गेले' असं लिहिलं. त्याने वाचलं.

"धावपळ कसली? खोड. राहून नाही गेलं, तू लावली नाहीस."

मी खोडलं. पुढचं लिहिलं: 'व त्यासंबंधी काही गैरसमज झाला.'

"गैरसमज कुणाचा झाला?"

"तुझा."

"कुणी केला?"

तेही खोडलं. शेवटी दोनच ओळी राहिल्या. मी चाके परत लावली नाहीत व लावली असे खोटे सांगितले. हे दोनदा विचारल्यावर दोनदा सांगितले. खाली सही. पठाणाने त्यावर दुकानाचा शिक्का मारायची तयारी दाखवली. शेजारी क्षणभर विचारात पडला आणि "मारो," म्हणाला.

परतीचा प्रवास फार वाईट झाला. मला आवाज नको होता, म्हणून फोमवाले टायर निवडले होते, आणि ते उत्तम निघाले. गाडीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शारजापासून सिलिकॉन ओएसिसपर्यंत मी त्याचा श्वास ऐकला. उतरताना तो म्हणाला, "टायर बरे आहेत." दार लावलं. दारही आवाज न करता लागलं.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाभी रडत होत्या तेव्हा मी त्यांच्या बॅगा भरून देत होते. तू कुठे होतास?" मी गाडीला कव्हर घालायला गेलो होतो. तेही सांगितलं.

तो चिपळूणला परत गेला, निरोप न घेता. आठवडाभराने त्याचा मेसेज आला. 'तिने कागद वाचला. म्हणाली अक्षर चांगलं आहे. पुढे काही बोलली नाही. मला मात्र त्या दिवसापासून टायरवरून बोललेली नाही.' मी तो पुन्हा वाचत होतो. तेवढ्यात दुसरा आला: 'माफ वगैरे केलेलं नाही. धंद्याचं म्हणून विचारतो. नवी चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. घेतलेस?'

माझे दीडशे किलोमीटर झाले होते. बाहेर दुपारचे दोन, शेहेचाळीस डिग्री. माझ्या अंगठ्याने 'हो, घेतले' असं टाइप करून टाकलं होतं. मी त्याकडे बघत बसलो. मग ते एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, 'नाही. आळस केला. आता निघतो.'

पाठवल्यावर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी चावी घेतली आणि खाली गेलो.